सोलर वॉटर हीटर: यंत्र चांगले, फिटिंग कच्चे

घरगुती सोलर वॉटर हीटरमध्ये फिरणारा किंवा घासणारा एकही भाग नसतो. पंप नाही, मोटर नाही, सर्किट नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरून त्याची जागा घेते, आणि एवढ्यावर सगळे चालते. असे यंत्र दहा-पंधरा वर्षे बिनतक्रार चालायला हवे, आणि नीट बसवलेले चालतेही. तरी गच्चीगच्चीवर गंजलेले, नळ्या फुटलेले, टाकी पिचकलेले सोलर उभे दिसतात आणि खाली न्हाणीघरात गिझर चालू असतो. याचे कारण बहुतेक वेळा यंत्रात सापडत नाही. ते टाकीच्या उंचीत, पाइपात आणि पाण्यात सापडते.

हे परीक्षण महाराष्ट्रात बंगल्यांवर आणि रो-हाउसवर सर्वाधिक बसणाऱ्या मॉडेलचे आहे: काचेच्या नळ्यांचा, प्रेशर नसलेला, 200 लिटरचा सोलर, ज्याला बाजारात ईटीसी किंवा नुसते ‘ट्यूबवाला’ म्हणतात. जिथे गरज आहे तिथे त्याची तुलना सपाट तांब्याच्या पॅनलशी, म्हणजे एफपीसीशी केली आहे. अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट, हे इथे सापडणार नाही. नळ्या आणि टाकी ठीकठाक असलेल्या दोन कंपन्यांत जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक दोन प्लंबरांच्या कामात असतो.

ट्यूबवाला की पॅनलवाला

नळी दुहेरी काचेची असते. दोन काचांमधली हवा काढलेली असते आणि आतल्या काचेवर ऊन शोषणारा काळपट लेप असतो. निर्वात पोकळीमुळे शोषलेली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून डिसेंबरच्या गार वाऱ्यातही पाणी तापते. थर्मासचेच तत्त्व. पॅनलवाल्यात तांब्याच्या बारीक नळ्यांना जोडलेला काळा पत्रा आणि वर जाड टफन काच असते. त्यात पोकळी नाही, त्यामुळे थंडीवाऱ्यात थोडी उष्णता निसटते. पण काच मजबूत, तांबे टिकाऊ, आणि पाणी मऊ असेल तर वीस वर्षांचा सोबती. किंमत मात्र ट्यूबवाल्याच्या दीडपट ते दुप्पट.

निवड ठरवताना लोक किंमत आणि ‘कोण जास्त तापवतो’ एवढेच विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न पाण्याचा असावा. बोअरचे जड पाणी असेल, जसे सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत असते, तर पॅनलमधल्या साधारण अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्या क्षारांनी आतून आवळत जातात आणि दोन-तीन वर्षांत पाणी फिरायचे थांबते. ट्यूबवाल्याची नळी आतून सव्वाचार सेंटिमीटरहून रुंद असते. क्षार तिथेही जमतात, पण भुकटी आणि पापुद्रे होऊन तळाशी बसतात, आणि नळी काढून धुता येते. तेव्हा जड पाण्याला ट्यूबवाला. पॅनलच हवा असेल तर हीट एक्स्चेंजरचा घ्यावा, ज्यात पॅनलमधले पाणी वेगळे आणि वापराचे वेगळे राहते.

नगरपालिकेचे धरणाचे मऊ पाणी असेल आणि गच्चीवर माकडांचा वावर असेल, म्हणजे महाबळेश्वर, माथेरान किंवा कोकणातल्या कित्येक गावांसारखी जागा, तर पॅनलवाला घ्या. माकड टाकीवर बसते आणि उतरताना नळीवर उडी मारते. बोरोसिलिकेट काच लहान गारा सोसते, पण माकडाचे वजन नाही. समुद्रकिनाऱ्याजवळ आणखी एक अट घाला: स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचे हवे. नुसते पावडर कोटिंग केलेले लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या सांध्यांतून फुगू लागते.

आतली टाकी कशाची, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. विचारून बिलावर लिहून घ्यावे. स्टेनलेस स्टील 304 मऊ पाण्याला उत्तम. पाण्यात क्लोराइड जास्त असेल, म्हणजे जिभेला पाणी मचूळ लागत असेल, तर 304 च्या टाकीला वेल्डच्या रेषेवर टाचणीएवढी भोके पडतात. तिथे 316 एल किंवा आतून काचेचा मुलामा दिलेली लोखंडी टाकी बरी. मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती गंजावी म्हणून तिची योजना. ती संपली की टाकीची पाळी येते, म्हणून जड पाण्यात दरवर्षी आणि मऊ पाण्यात दोन वर्षांनी ती उघडून बघावी, आणि अर्ध्याहून बारीक झाली असेल तर बदलावी. अनेक घरांत अशी कांडी आहे हेच माहीत नसते.

किती लिटरचा घ्यावा

बादलीने आंघोळ करणाऱ्या घराचा हिशेब सोपा आहे. 20 लिटरची बादली 40 अंशांवर हवी, सोलरचे पाणी 60 अंश आणि विसणाचे पाणी 22 अंश असेल, तर त्या बादलीत कडक पाणी साडेनऊ लिटर लागते. हेच डिसेंबर-जानेवारीत सोलर 50 अंश आणि विसण 15 अंश झाले की सव्वाचौदा लिटर. टाकीतले सगळे पाणी सारख्या तापमानाचे येत नाही, कारण जितके काढाल तितके गार पाणी खालून आत शिरते. आडव्या टाकीत पाऊण हिस्सा पाणी खात्रीचे समजावे. म्हणजे 100 लिटरच्या सोलरवर थंडीत पाच बादल्या निर्धास्त निघतात. चौघांच्या घरात सगळे सकाळीच बादलीने आंघोळ करत असतील तर 100 लिटर पुरतो. शॉवर असेल, किंवा संध्याकाळीही कोणी आंघोळ करत असेल, तर 200 घ्यावा. शॉवर मिनिटाला आठ लिटर धरला तरी आठ मिनिटांत 64 लिटर, म्हणजे तीन बादल्यांहून जास्त.

संध्याकाळच्या वापराबद्दल थोडे अधिक. ऊन कललेले असताना काढलेल्या पाण्याच्या जागी आलेले गार पाणी रात्रभर तापत नाही, ते फक्त उरलेल्या गरम पाण्यात मिसळते. सकाळी पाणी सोमट येण्याचे हे अगदी साधे कारण आहे, आणि त्यासाठी मेकॅनिकला बोलावून उपयोग नाही.

आता लिटरचा खेळ. 58 मिलिमीटर व्यासाच्या, 1800 मिलिमीटर लांबीच्या एका नळीत सुमारे 2.7 लिटर पाणी मावते. 200 लिटरला अशा 20 नळ्या धरल्या तर नळ्यांतच 54 लिटर झाले. हे पाणी नळाला कधी येत नाही. काही विक्रेते टाकी आणि नळ्या मिळून ‘200 लिटर’ सांगतात. टाकी स्वतः मोजा. बाहेरचा व्यास 47 सेंटिमीटर असेल आणि पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, थर सगळीकडून 5 सेंटिमीटर असेल, तर आतला व्यास 37. तो व्यास गुणिले तोच व्यास, गुणिले 0.785, गुणिले आतली लांबी, भागिले हजार. आतली लांबी 160 सेंटिमीटर असेल तर उत्तर 172 लिटर येते. नळ्यांची संख्याही मोजावी. 58 बाय 1800 च्या नळ्या 100 लिटरला 10 हव्यात. 47 बाय 1500 च्या बारीक नळ्या असतील तर 14-15 हव्यात. नळ्या कमी लावून टाकी मोठी दिली की उन्हाळ्यात काही कळत नाही, थंडीत कळते. संपूर्ण ट्यूबवाल्या सिस्टिमसाठी आयएस 16544 आणि सपाट पॅनलसाठी आयएस 12933 हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख टाकीवरच्या पट्टीवर आहे का ते पाहावे.

बसवणी: इथेच सगळे बिघडते

पहिली गोष्ट उंची. प्रेशर नसलेल्या सोलरमध्ये थंड पाणी वरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने येते. म्हणून थंड टाकीचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर हवा. ट्यूबवाल्याचा माथा गच्चीपासून पाच फुटांच्या आसपास असतो, तर थंड टाकी सहा फुटांवर गेली पाहिजे. कित्येक घरांत काळी टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते. ती अर्धी झाली की सोलरला पाणी पोचत नाही, गरम नळाची धार बारीक होते आणि लोक म्हणतात सोलर खराब आहे. टाकीखाली विटांचा ओटा किंवा लोखंडी घोडा बांधणे हा सोलरच्या खर्चाचाच भाग आहे. ऑर्डर देण्याआधी गच्चीवर टेप लावून बघा.

उलट बाजूही आहे. थंड टाकी जिन्याच्या खोलीवर, दहा-बारा फुटांच्याही वर असेल तर दाब जास्त होतो. नळ्या टाकीत जिथे शिरतात तिथे फक्त सिलिकॉन रबराची रिंग असते, आणि ती सतत जास्त दाबाखाली राहिली की ठिबकू लागते. अशा ठिकाणी मध्ये फ्लोटवाली छोटी टाकी लावतात, म्हणजे सोलरला कायम ठरावीक उंचीचाच दाब मिळतो. प्रेशर पंप असलेल्या घरात तर साधा सोलर बसवूच नये. तिथे प्रेशर सोसणारे मॉडेल, त्यावर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. पंपाच्या लायनीला साधी टाकी जोडली की ती आज ना उद्या सांध्यातून उसवते.

दुसरी गोष्ट व्हेंट पाइप. सोलर टाकीच्या माथ्यावरून निघणारा हा उघडा पाइप सगळ्या सिस्टिममधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. त्याचे तोंड थंड टाकी काठोकाठ भरल्यावर जी पातळी असते तिच्यापेक्षा फूटभर वर हवे. सोलरच्या टाकीपेक्षा वर असून भागत नाही. तोंड खाली राहिले तर गरम पाणी व्हेंटमधून गच्चीवर वाहत राहते. मग प्लंबर काय करतो? व्हेंटला बूच मारतो. आता वाफेला वाट उरली नाही आणि हवेलाही उरली नाही. एप्रिलमध्ये पाणी उकळले की टाकी फुगते. खालच्या मजल्यावर दोन नळ एकदम सोडले, आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद किंवा अर्धवट असला, की आत पोकळी तयार होऊन टाकी डब्यासारखी पिचकते. पिचकलेली टाकी दुरुस्त होत नाही आणि वॉरंटीतही बसत नाही.

व्हेंटवर व्हॉल्व्ह कधीच नको. पाइप साध्या पीव्हीसीचा नको, वाफेने तो मऊ पडून लवतो आणि लवलेल्या जागी पाणी साचते. तोंड खाली वळवून त्याला बारीक जाळी लावावी. कुंभारीण माशी अशा पाइपात मातीचे घर करते आणि ते वाळून पक्के बूच होते. पावसाळा संपला की एकदा वर जाऊन ते तोंड बघणे, हे पाच मिनिटांचे काम टाकी वाचवते.

तिसरी गोष्ट एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तो सोलरकडे येणाऱ्या थंड लायनीवर, टाकीच्या जवळ, बाणाची दिशा बघून बसवायचा. तो नसला किंवा त्यात क्षाराचा खडा अडकला तर तापलेले पाणी मागे थंड टाकीत चढते. थंड नळाला कोमट पाणी येऊ लागले तर संशय इथेच. आणि सोलरला जाणारी थंड लायन स्वतंत्र हवी. तिच्यावर गच्ची धुण्याचा नळ किंवा दुसरे कनेक्शन काढले की तो नळ उघडताक्षणी सोलरचा दाब पडतो.

पाइप सीपीव्हीसी, पीपीआर किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेला कंपोझिट यांपैकी कोणताही चालेल. गरम लायनीवर नायट्रिल रबराचे नळकांडे चढवायलाच हवे, आणि उन्हात ते भुगा होऊ नये म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप किंवा पत्रा. कोटेशनमध्ये हे बहुधा नसते. आवर्जून घालून घ्या.

दिशा आणि सावली. नळ्यांचे तोंड दक्षिणेला. पुण्याच्या अक्षांशावर 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त 48 अंश वर असतो आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास 29 अंश. म्हणजे दुपारी कठड्याची सावली त्याच्या उंचीच्या नऊ-दशांश पडते, पण सकाळी साडेनऊला पावणेदोन पट. चार फुटी कठड्याची सावली त्या वेळी सात फूट लांब. मे महिन्यात जागा बघून सोलर बसवला आणि डिसेंबरमध्ये नळ्यांचा अर्धा भाग सावलीत गेला, असे म्हणूनच घडते. शेजारची नारळाची झावळी, जिन्याची खोली, केबलची छत्री, या सगळ्यांची डिसेंबरची सावली धरूनच जागा ठरवा.

वजन विसरू नका. भरलेला 200 लिटरचा सोलर स्टँडसकट तीनशे किलोच्या पुढे जातो आणि ते सगळे वजन थोड्याशा पायांवर येते. पाय बीमच्या रेषेत घ्यावेत आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवावेत. वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीत फास्टनर मारून गळती विकत घेऊ नये.

पहिली बादली थंड का येते

कारण गरम पाणी गच्चीवर आहे आणि पाइपात रात्रभर गार झालेले पाणी. इंची पाइपात मीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर पाणी असते, पाऊण इंचीत 0.31 लिटर आणि अर्ध्या इंचीत 0.18. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत 30 मीटर लांबी असेल तर इंची लायनीत 15 लिटर, पाऊण इंचीत सव्वानऊ आणि अर्ध्या इंचीत सव्वापाच-साडेपाच लिटर गार पाणी आधी काढावे लागते. ‘मोठा पाइप म्हणजे जोरात पाणी’ म्हणून सगळीकडे इंची पाइप घालणारा प्लंबर रोज एक बादली गटारात पाठवतो. पाणीटंचाईच्या गावात हे फार लागते. मुख्य उतार पाऊण इंची, न्हाणीघरातली फांदी अर्ध्या इंची, आणि सोलर शक्यतो न्हाणीघराच्या डोक्यावर, एवढे केले की प्रश्न निम्मा होतो. पहिले पाणी बादलीत धरून तेच विसणाला वापरावे. तीन-चार मजली इमारतीत मात्र परतीची लायन आणि टायमरवर चालणारा छोटा पंप घालून गरम पाणी फिरते ठेवण्याला पर्याय नाही. त्याशिवाय तळमजल्यावरच्या घरात सोलरबद्दल समाधान होणे अवघड.

पाणी कोमटच येते

ऊन चांगले पडूनही पाणी कोमट येत असेल तर आधी मिक्सरवर, म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळावर, संशय घ्या. थंड पाणी प्रेशर पंपाचे किंवा जास्त उंच टाकीचे आणि गरम पाणी सोलरचे, असे असेल तर मिक्सरमध्ये थंडाचा जोर गरमावर चढतो आणि ते उलटे सोलरच्या लायनीत शिरते. हँड शॉवरचे बटण बंद आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या तरी हेच होते. एका न्हाणीघरातली चूक सगळ्या घराचे पाणी गार करते.

तपासणी सोपी आहे. सोलरकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि एक साधा गरम नळ उघडा. पाइपातले पाणी संपले की धार थांबायला हवी. धार चालूच राहिली तर कुठून तरी थंड पाणी घुसते आहे. मग एकेका न्हाणीघराची गरम चावी बंद करत गेले की जागा सापडते. थंड आणि गरम दोन्ही लायनी एकाच टाकीवरून, सारख्या उंचीवरून घेणे हा कायमचा इलाज. तपासणी झाली की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

मिक्सर ठीक असेल तर गच्चीवर जा. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आतून चंदेरी आरसा असतो. तो पांढरा, दुधाळ झाला असेल तर त्या नळीची पोकळी गेली. दुपारी हात लावला तर चांगली नळी बाहेरून गार लागते, गेलेली चटका देते. वीसपैकी एखादी गेली तर फारसा फरक पडत नाही, चार गेल्या तर पडतो. एक नळी काहीशे रुपयांत बदलते.

पॅनलवाल्यात बघायचे वेगळे. दुपारी पॅनलचा वरचा पाइप चटका देतो आणि टाकी गार आहे, तर पाणी फिरत नाही. एक तर हवा अडकली आहे, कारण गरम पाइपाला सलग चढ दिलेला नाही, किंवा क्षारांनी नळ्या बुजल्या आहेत. पॅनलच्या माथ्यापेक्षा टाकीचा तळ फूटभर वर नसेल तर रात्री उलटा प्रवाह सुरू होतो आणि दिवसभर तापलेले पाणी पॅनल आकाशाला परत देऊन टाकते. चांगल्या पफची टाकी एका रात्रीत पाच ते आठ अंश गमावते. त्याहून बरेच जास्त जात असेल तर कारण शोधायलाच हवे.

पावसाळ्याचे काय

जून ते सप्टेंबर सोलरवर विसंबू नका. ढगाळ दिवशी पाणी थोडे तापते, आंघोळीपुरते नाही. विक्रेता टाकीत दोन किलोवॉटचे कॉइल बसवून देतो. ते आम्हाला पटत नाही. 200 लिटर पाणी 25 वरून 45 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज आणि सव्वादोन तास लागतात, तर चौघांच्या बादलीभर आंघोळीला खरी गरज दीड-दोन युनिटांची. शिवाय रात्री चालू ठेवून विसरलेले कॉइल सोलरची सगळी बचत खाते.

त्यापेक्षा न्हाणीघरातला जुना गिझर राहू द्यावा. सोलरचे पाणी गिझरच्या थंड बाजूला जोडले की आलेले पाणी गरम असताना थर्मोस्टॅट वीज घेतच नाही, कोमट असेल तर उरलेले अंश भरून काढतो. मात्र गिझरची कंपनी गरम पाण्याचा इनलेट चालतो म्हणते का, ते आधी विचारावे आणि जोडनळ्या गरम पाण्याच्याच घ्याव्यात. चालत नसेल तर तीन तोंडांची चावी लावून पावसाळ्यात गिझर, एरवी सोलर. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर यासाठी घेत असाल तर त्याची ताकद लक्षात असू द्या: तीन किलोवॉटमध्ये पाणी 15 अंशांनी वाढवायचे तर मिनिटाला तीन लिटरही धड मिळत नाहीत. बादलीला ठीक, शॉवरला नाही.

क्षार, धुणे, आणि उन्हाळा

ट्यूबवाल्याची टाकी मऊ पाण्यात वर्षातून एकदा, जड पाण्यात सहा महिन्यांनी तळाच्या प्लगमधून पूर्ण सोडून धुवावी. काम पहाटे करा. रिकाम्या नळ्या उन्हात दोनशे अंशांच्या वर जाऊ शकतात, आणि त्यांत गार पाणी सोडले की तडकतात. टाकी कोणत्याही कारणाने रिकामी झाली असेल तर दुपारी भरू नका, सूर्य मावळल्यावर भरा किंवा आधी ताडपत्री घालून नळ्या निवू द्या.

क्षार काढायला सल्फॅमिक ॲसिडचे सौम्य द्रावण वापरतात, नंतर पाण्याने भरपूर धुतात. फरशी धुण्याचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, कोणी आणले तर गच्चीवर चढू देऊ नका. त्यातले क्लोराइड स्टेनलेस टाकीला भोके पाडते. नळीची सिलिकॉन रिंग काढली की नवीच घालावी, आणि नळी फिरवत घालताना साबणाचे पाणी लावावे, तेल नाही.

धूळ साधीच गोष्ट, पण पॅनलवाल्यात तिचा परिणाम मोठा. थंडीत दर पंधरवड्याला पहाटे काच पुसावी. जड पाण्याचा फवारा काचेवर वाळू दिला तर पांढरे डाग कायमचे बसतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी 80 अंशांच्या पुढे जाते. 60 अंशांचे पाणीसुद्धा पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर न्हाणीघरात थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. बादलीत आधी विसण, मग कडक पाणी, ही बंबाच्या काळातली शिस्त सोलरलाही लागू आहे. आठवडाभर घर बंद ठेवणार असाल तर निम्म्या नळ्यांवर गोणपाट किंवा शेडनेट टाकून जा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र उघडाच ठेवा.

पैसे वसूल होतात का

होतात, पण पत्रकात लिहिलेल्या वेगाने नाही. 100 लिटरमागे वर्षाला 1500 युनिट वाचतात हे वाक्य सगळीकडे छापलेले असते. 100 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला चार युनिट लागतात, 300 दिवसांचे 1200, आणि गिझरमधून वाया जाणारी उष्णता धरली की आकडा तिथवर जातो. अट एकच, रोज ते सगळे पाणी वापरले गेले पाहिजे. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराची गरज रोज दीड-दोन युनिटांची, म्हणजे वर्षाला साडेचारशे ते सहाशे युनिट. युनिट दहा रुपयांना धरले तर साडेचार ते सहा हजार. 100 लिटरचा ट्यूबवाला पाइपासकट पंचवीस-तीस हजारांत पडला तर तो पाच-सहा वर्षांत फिटतो. सहा-सात माणसांचे, शॉवरचे, भांड्यांनाही गरम पाणी वापरणारे घर 200 लिटरचा त्याहून लवकर वसूल करते.

अनुदानाच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर सावध. सोलर वॉटर हीटरवरचे केंद्राचे अनुदान 2014 मध्ये थांबले. 2024 साली आलेली पीएम सूर्यघर योजना, तिचे तीन किलोवॉटला 78,000 रुपये, हे विजेच्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या नळ्यांसाठी नाही. पुणे महापालिका मात्र सोलर, गांडूळखत आणि पर्जन्यजल प्रकल्प यांपैकी एक असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के सवलत देते, यंत्रणा चालू स्थितीत असेल तर. आपल्या पालिकेत असे काही आहे का, ते कर विभागात विचारावे.

मग छतावर विजेचे पॅनल असेल तर वेगळा सोलर कशाला, हा प्रश्न आता रास्त आहे. एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देते आणि पाच-सहा चौरस मीटर जागा खाते. तेवढीच उष्णता ट्यूबवाला दोन चौरस मीटरच्या आसपास जागेत देतो. गच्ची लहान असेल तर पाण्याला नळ्या आणि उरलेल्या जागेत पॅनल, ही विभागणी चांगली. गच्ची मोठी आहे, पॅनल आधीच बसले आहे आणि वर्षाअखेर युनिट शिल्लक राहतात, अशा घराने सोलर वॉटर हीटर घेऊ नये. गिझर पुरे. गच्चीवर हक्क नसलेल्या फ्लॅटधारकाने, किंवा खालच्या मजल्यापर्यंत पन्नास मीटर पाइप न्यावा लागणाऱ्यानेही घेऊ नये. दोन माणसांचे घर असेल तर आकडे जेमतेम जुळतात.

घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता बसवल्याच्या दिवशी देऊ नये. एक पूर्ण ऊन जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्हाणीघरात थर्मामीटर लावून पाणी मोजा, थंड नळ कोमट येत नाही ना ते बघा, थंड टाकी काठोकाठ भरून व्हेंटमधून पाणी पडत नाही ना ते बघा, आणि प्रत्येक नळीच्या रिंगखाली बोट फिरवून ओल तपासा. वॉरंटी कार्डात पाण्याच्या जडपणाची मर्यादा बारीक अक्षरांत लिहिलेली असते. आपल्या बोअरचे पाणी तपासून तो अहवाल बिलाला जोडून घ्या आणि विक्रेत्याची सही त्यावर घ्या. पुढे टाकी गळाली की कंपनीचा माणूस पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.